नॅनोसायन्सच्या नेटवर्कमध्ये माझं सॅम्पल फिरलं त्याची गोष्ट

पीएचडीला असताना मी एका युनिव्हर्सिटी नेटवर्कमध्ये आले, वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या लॅब्ज एकत्र येऊन नॅनोसायन्सवर काम करतात तसं. केमिस्ट्री, फिजिक्स, मटेरियल्स, बायोलॉजी आणि एक स्टॅटिस्टिक्सवाला ग्रुप. मी केमिस्ट्रीच्या बाजूची, सोन्याचे नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, बनवणं हे माझं काम, आणि ते पेशींना त्रास देतात का, पुढे त्यांच्यावर औषध बसवता येईल का हा सगळ्यांचा मिळून प्रश्न. अशा नेटवर्कमध्ये जाऊन नक्की होतं काय, जावं का, असं मला बरेच जण विचारतात आणि प्रत्येक वेळी थोडक्यात उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

मुळात हे लागतं कशाला, तर एका लॅबच्या हातात हे काम मावत नाही. चांगलं टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, सांभाळायला वेगळी खोली लागते, जमीन थरथरलेली चालत नाही, तापमान हललेलं चालत नाही, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं त्यावर बसलेला माणूस लागतो. क्लीनरूमचं, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीचं, तेच, एएफएमचं, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपचं, तेच. अमेरिकेत ही गोष्ट लवकर ओळखली गेली, कॉर्नेलला १९७७ मध्येच बाहेरच्या संशोधकांसाठी फॅब्रिकेशनची, म्हणजे अतिसूक्ष्म रचना बनवायची, सोय उभी राहिली, मग १९९४ ला काही विद्यापीठांचं मिळून नेटवर्क झालं, २००४ ला ते वाढलं आणि २०१५ ला नव्याने बांधलं तेव्हा १६ साइट्स होत्या. सुरुवात मशीन वाटून घेण्यापासूनच होते. पण माझ्या अनुभवात मशीन हा त्यातला छोटा भाग. खरी गोष्ट होते ती माझं सॅम्पल दुसऱ्याच्या टेबलावर जातं आणि तो मला कधीच न सुचलेला प्रश्न विचारतो तेव्हा.

आत यायची प्रक्रिया तशी साधी होती, छोटं प्रपोजल लिहायचं, काय बनवणार, कुठली मशीन्स लागणार, कोणाबरोबर करणार. अट एकच, पण ती चांगली होती, की प्रपोजल वाचणाऱ्यांत एक जण तुमच्या विषयाबाहेरचा असणार. माझं पहिलं लिखाण एका पेशीशास्त्रातल्या मॅडमकडे गेलं आणि परत आलं ते समासात प्रश्नांनी भरूनच. "हे पार्टिकल पाण्यात कशामुळे तरंगत राहतात?" "सायट्रेट नंतर काढून टाकता का?" "किती पार्टिकल एका पेशीला मिळणार?" (सायट्रेट म्हणजे सायट्रिक आम्लापासूनचा पदार्थ, कण बनवताना घालतो तो.) शेवटच्या प्रश्नावर माझं घोडं अडलं. आमच्याकडे सगळं मिलीग्रॅममध्ये चालतं, पार्टिकल मोजायची वेळच येत नाही. मग कागद घेऊन बसले. १५ नॅनोमीटरचा सोन्याचा एक गोळा धरला तर त्यात साधारण एक लाख अणू, आणि १ मायक्रोग्रॅम सोन्यात असे गोळे साधारण ३ हजार कोटी. हा आकडा काढल्यावर मला स्वतःच्या कामाकडे बघायची नवी नजर मिळाली, खरंच सांगते. डोस ठरवताना वजन, संख्या आणि पृष्ठभाग हे तिन्ही लिहायला लागतात हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, कारण पेशीला जे भेटतं ते पार्टिकलचं पृष्ठभाग भेटतं.

ट्रेनिंगबद्दल फार लिहीत नाही, सेफ्टीचं होतं, परीक्षा होती, प्रत्येक मशीनचं वेगळं सर्टिफिकेट होतं, लॉगबुक भरल्याशिवाय उठायचं नाही असा नियम होता. कंटाळवाणं वाटतं पण गरजेचं आहे, करून टाकावं.

आता सॅम्पलकडे येते. माझी पद्धत जुनी आणि सगळ्यांना माहिती असलेली, १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी नीट अभ्यासलेली. सोन्याचं क्लोराइड पाण्यात उकळायचं आणि ढवळत असतानाच त्यात गरम सायट्रेट एका दमात ओतायचं. फिकट पिवळा रंग जातो, द्रावण थोडा वेळ पाण्यासारखं दिसतं, मग करडं-निळसर होतं, मग जांभळं, आणि बघता बघता माणकासारखं लाल. कितीही वेळा केलं तरी मी त्या वेळी फ्लास्कसमोरून हलत नाही. भांडं आधी आम्लराजने, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या अ‍ॅक्वा रेजियाने धुतलेलं पाहिजे, कारण काचेवर जुन्या सोन्याचा कण राहिला तर नवं सोनं तिथेच बसतं आणि सगळी बॅच बिघडते. फॅरेडेने १८५७ मध्ये अशाच लाल सोन्यावर लिहिलं होतं, आणि हा रंग का येतो याचं गणित १९०८ मध्ये गुस्ताव मी (Mie) नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं. नेटवर्कमधल्या फिजिक्सवाल्या मुलाने तेच गणित माझ्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे द्रावण कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषतं त्या आलेखावर, बसवून दाखवलं, शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास, आणि म्हणाला की उजव्या बाजूला जी हलकी शेपटी दिसतेय ना, ती मला आवडत नाहीये, तुझ्याकडे काही पार्टिकल चिकटलेले तरी आहेत किंवा गोल तरी नाहीत. मी ती शेपटी रोज बघत होते, आमच्याकडे ती सगळ्यांच्याच स्पेक्ट्रममध्ये असते म्हणून तिच्याबद्दल कधी कोणी बोलतच नाही.

मग पार्टिकल केवढे आहेत हे मोजायची वेळ आली आणि इथे खूप वेळ गेला, पण शिकायला पण इथेच मिळालं. एकच बाटली तीन ठिकाणी गेली. टीईएमने एक आकडा दिला, डीएलएसने, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या मशीनने, त्याच्यापेक्षा मोठा, एएफएमने लहान. पहिल्या मीटिंगला प्रत्येक जण आपल्या मशीनची बाजू घेऊन बसला. पण यात कोणी चुकत नाही. टीईएमला सोन्याचा गाभा दिसतो, वर बसलेलं सायट्रेट किंवा पाण्याचा थर त्याला दिसत नाही. डीएलएस पार्टिकल पाण्यात किती वेगाने डुलतो यावरून हिशोब करतं, म्हणून त्यात सोबत ओढलेला थर पण आला. एएफएम पृष्ठभागावर बसलेल्या कणाची उंची घेतं. अमेरिकेच्या एनआयएसटीने, म्हणजे मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये सोन्याचे रेफरन्स पार्टिकल काढले, १०, ३० आणि ६० नॅनोमीटरचे, त्यातल्या ३० वाल्याच्या कागदावर पण एएफएमला २४.९, टीईएमला २७.६ आणि डीएलएसला २८.६ असे वेगवेगळे आकडे छापलेले आहेत. हा कागद आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला आणि वाद तिथेच मिटला. तेव्हापासून आमच्याकडे कोणीही नुसतं "साइज एवढी" असं लिहीत नाही, कशाने मोजली ते शेजारी लागतंच.

डीएलएसबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण नवीन मुलं यात फसतात. विखुरलेला प्रकाश हा आकाराच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे १५ नॅनोमीटरच्या कणापेक्षा त्याच पदार्थाचा १५० नॅनोमीटरचा कण साधारण दहा लाख पट जास्त चमकतो. बाटलीत चार धुळीचे कण आले तरी मशीन तुम्हाला सांगणार की सॅम्पल खराब आहे. म्हणून नुसत्या सरासरीवर जाऊ नका, ग्राफ बघा, परत परत घ्या.

टीईएमचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तांब्याची जाळी, ३ मिलिमीटर व्यासाची, तिच्यावर कार्बनचा पातळ पडदा, त्यावर माझ्या लाल पाण्याचा एक थेंब. ऑपरेटर काका म्हणाले, हा वाळू देऊ नकोस, फिल्टर पेपरच्या टोकाने कडेने टिपून घे, नाहीतर वाळताना सगळे कडेला जाऊन चिकटतील आणि तू म्हणशील की माझे पार्टिकल चिकटलेले आहेत. मग व्हॅक्यूम, मग २०० किलोव्होल्टचा बीम, आणि स्क्रीनवर आधी राखाडी अंधार आणि मग काळे ठिपके. मला ते सगळे गोल दिसत होते. शेजारी मटेरियल्सच्या ग्रुपमधली मुलगी बसली होती, तिने मोठं करायला सांगितलं. ठिपक्याच्या आत रेषा दिसायला लागल्या, अणूंच्या ओळी, दोन ओळींमधलं अंतर ०.२३५ नॅनोमीटर. आणि ती बोट ठेवून म्हणाली, हे बघ, ही ओळ इथे वळली, आणि इथे परत. हा एक स्फटिक नाहीये, पाच तुकडे मध्यभागी जुळलेत. मी त्याच पार्टिकलवर इतका काळ काम करत होते आणि मला ते "गोल" होते, तिला पहिल्या मिनिटात जोड दिसला. ती धातूंमध्ये असे जोड रोज बघते. स्पेक्ट्रमच्या शेपटीचा अर्धा खुलासा तिथेच झाला, सगळे गोल नव्हतेच, काहींना कोपरे होते. ही फाइल मला नुसती ईमेलने आली असती तर मी व्यास मोजून मोकळी झाले असते. म्हणून माझं ठाम मत आहे की सॅम्पलबरोबर माणूस पण गेला पाहिजे, निदान पहिल्यांदा तरी.

त्यानंतर स्टॅटिस्टिक्सवाले सर. त्यांना मी अभिमानाने सांगितलं की दोनशे पार्टिकल मोजलेत. त्यांनी विचारलं, किती फोटोंमधून? किती जाळ्यांवरून? किती बॅचेसमधून? एकाच बॅचचे दोनशे मोजले तर त्या बॅचबद्दल कळलं, पद्धतीबद्दल काहीच नाही कळलं, आणि पेशींचा प्रयोग तर तुम्ही पुढच्या बॅचवर करणार आहात ना. शांतपणे बोलले पण आमचं अख्खं वेळापत्रक बदललं. ते बदललं हे बरंच झालं.

मग पेशी. पेशी ज्या मिडियममध्ये वाढतात त्यात मीठ असतं, आणि सायट्रेटवाल्या सोन्याला मीठ सोसत नाही. सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात, मीठ तो भार झाकून टाकतं आणि कण एकत्र येतात, लाल द्रावण डोळ्यांदेखत निळं-जांभळं होतं. बायोलॉजीच्या लॅबमध्ये मी हे करून दाखवलं तेव्हा तिथल्या मुलांनी काम थांबवून बघितलं. पण मिडियममध्ये आधी सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला द्रव, असेल तर त्यातली प्रथिनं कणांवर झटकन बसतात आणि कण टिकतात. म्हणजे आधी काय घालायचं आणि नंतर काय, यावर पेशीला सुटा कण भेटणार की गठ्ठा भेटणार हे ठरतं. आणि सुटा भेटला तरी तो माझा कण नाहीच, प्रथिनांचं पांघरूण घेतलेला कण आहे. आम्ही मग मिडियममध्ये घातल्यावर परत डीएलएस आणि स्पेक्ट्रम घ्यायचं ठरवलं, दर वेळी, पेशींवर घालायच्या आधी.

आणि इतकं सगळं केल्यावर निकाल आला की पार्टिकलमुळे मॅक्रोफेजेस, म्हणजे परक्या गोष्टी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, भडकतायत. टीएनएफ अल्फा वाढलेला, आयएल सिक्स वाढलेला, दोन्ही दाह झाल्याच्या खुणा. आमच्या ग्रुपमध्ये शांतता पसरली कारण सोनं निरुपद्रवी आहे असं धरून सगळं उभं होतं. दुसरीकडे काही जण खूश पण झाले, नवीन परिणाम मिळाला, पेपर होतो म्हणून. मॅडम मात्र म्हणाल्या, थांबा, खुंटा हलवून बघू. त्यांनी दोन साधे प्रयोग केले. सेंट्रिफ्यूज करून सोनं खाली बसवलं आणि वरचं स्वच्छ पाणी पेशींवर घातलं, तरी पेशी भडकल्या. मग पॉलिमिक्सिन बी घातलं, ते एंडोटॉक्सिनला बांधून टाकतं, आणि परिणाम जवळजवळ गेला. म्हणजे दोष सोन्याचा नाही, एंडोटॉक्सिनचा.

हे एंडोटॉक्सिन म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला पदार्थ. जिवाणू मेले तरी हा राहतो. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जातो, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनच्या, १२१ अंशांना पण पुरता नष्ट होत नाही, त्याला कोरडी उष्णता लागते, २५० अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास. आमच्या केमिस्ट्री लॅबचं पाणी केमिस्ट्रीच्या मापाने उत्तम होतं, १८.२ मेगाओम, रोज आकडा बघूनच घ्यायचो. पण तो आकडा फक्त क्षार नाहीत एवढंच सांगतो, जिवाणूंचे अवशेष त्यात दिसत नाहीत. केमिस्टला त्याची गरज कधी पडत नाही, आणि बायोलॉजिस्टला वाटतं की बाटलीत आलं म्हणजे स्वच्छच असणार. दोघांच्या मधल्या जागेत ही गोष्ट बसून होती, आणि अशाच मधल्या जागांसाठी नेटवर्क असतं असं मला मनापासून वाटतं. नाहीतर सोनं दाह करतं असा पेपर छापून आला असता आणि कितीतरी जण त्याच्या मागे लागले असते.

मोजायला गेलो तर त्यात पण मेख. एंडोटॉक्सिनची नेहमीची टेस्ट एलएएल, हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून केलेली. तिच्या एका प्रकारात पिवळा रंग येतो आणि तो ४०५ नॅनोमीटरला वाचतात. आता माझं सॅम्पल स्वतःच गडद लाल आणि ४०५ ला पण प्रकाश शोषतं, तर मशीन काय वाचणार? म्हणून माहिती असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते परत किती सापडतं हे आधी बघायचं, ५० ते २०० टक्क्यांच्या मध्ये सापडलं तरच टेस्टवर विश्वास ठेवायचा. आम्हाला सॅम्पल बरंच पातळ करावं लागलं तेव्हा कुठे ते बसलं. मग उगम शोधला, बराचसा भाग पाण्याच्या साठवणीच्या टाकीतून येत होता, थोडा सायट्रेटच्या जुन्या स्टॉकमधून. आता पेशींसाठीची बॅच वेगळ्या काचेत होते, काच ओव्हनमधून काढलेली, पाणी एंडोटॉक्सिनमुक्त, सायट्रेट त्याच दिवशी केलेलं. या बॅचेसवर मॅक्रोफेजेस शांत राहिल्या.

सगळं गोडगोड होतं असं नाही. एका भागीदार लॅबमध्ये आमची बाटली फ्रीजऐवजी फ्रीझरमध्ये ठेवली गेली, सोन्याचं द्रावण गोठलं की कण कायमचे चिकटतात, वितळल्यावर तळाला काळा गाळ आणि वर पाणी, कितीही हलवा, परत येत नाही. मुख्य लेखक कोण यावर तर ताणाताणी झालीच, कारण केमिस्ट्रीत नावांच्या क्रमाची पद्धत वेगळी आणि बायोलॉजीत वेगळी. हे पहिल्याच मीटिंगला लिहून घ्या असं मी प्रत्येकाला सांगते, डेटा कोणाकडे राहणार ते पण. आणि पीएचडी करणाऱ्यांनी आपल्या गाइडशी आधीच बोलून घ्यावं, कारण मधल्या जागेतलं काम वेळ खातं आणि वार्षिक रिव्ह्यूला बसणारे लोक एकाच विषयाचे असतात, एंडोटॉक्सिन शोधण्यात गेलेल्या महिन्यांना केमिस्टच्या कमिटीत काम म्हणून बघत नाहीत. मला ते समजावायला त्रास झाला. माझ्या मते नियम बदलायला हवेत, असं काम थिसिसमध्ये पूर्ण धरलं गेलं पाहिजे.

आमच्याकडे आता सॅम्पलबरोबर एक पान जातं. बॅच नंबर, तारीख, पाणी कुठलं, काच कशी धुतली, तीन पद्धतींचे आकार, मिडियममधला आकार, एंडोटॉक्सिनचा आकडा आणि रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेलं परत सापडलं ते, किती टक्के, फ्रीजमध्ये ठेवा गोठवू नका हे मोठ्या अक्षरात. हे पान भरलेलं नसेल तर मॅडमची लॅब बाटली घेतच नाही. सध्या औषध बसवलेल्या पार्टिकलची पहिली बॅच त्यांच्याकडे गेलीये आणि त्यांनी पानावर एक नवीन रकाना मागितलाय, औषध कणावर किती बसलंय आणि पाण्यात मोकळं किती आहे. ते वेगळं कसं मोजायचं यावर फिजिक्सवाल्यांबरोबर बसायचंय.